मागच्या रांगेतली

१

ज्या कंपनीत हात धुवायची साबणाची वडी दोऱ्यानं कापून अर्धी अर्धी वाटतात, त्या कंपनीनं जेवणाच्या खोलीत मोठा टीव्ही लावला, तेव्हाच बायकांना संशय यायला हवा होता. पण फुकट ते पौष्टिक. टीव्ही लागला, आणि बायका डबे उघडून त्याच्यासमोर बसल्या.

मुरबाडच्या बाहेर, एमआयडीसीच्या शेवटच्या वळणावर ही कंपनी. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं करणारी. मशीनमधून झाकणं पडतात, बायका त्यातली खराब निवडून टाकतात. सरू हे काम कितीतरी वर्षं करत होती, पण कंपनीच्या हिशेबी ती कायम नवीच. सहा-सात महिने झाले की ठेकेदार बाईला ‘ब्रेक’ द्यायचा, म्हणजे घरी बसवायचा. सलग काम दिलं तर बाई कायम करा म्हणेल, ही भीती. मग महिना-दोन महिन्यांनी बोलावून पुन्हा पहिल्यापासून नवी म्हणून घ्यायचा. हात तेच, मशीन तीच, बाई नवी.

टीव्ही नव्हता तेव्हा जेवताना ह्याच विषयावर बोलणं व्हायचं. गॅसचा भाव, जीपचं भाडं, आणि फिरून फिरून ब्रेक. वाशिंदला एका कंपनीचे कामगार गेटवर बसल्याची बातमी आली, तेव्हा तर जेवण बाजूला राहून नुसती चर्चा झाली होती. त्याच आठवड्यात टीव्ही आला. जिच्यातून समोरचं गेट दिसतं त्या खिडकीच्या वर तो बसवला, आणि त्यावर रोज एक कोरियन मालिका लागायला लागली, हिंदीत डब केलेली.

मालिका मात्र झकास होती, हे सरूही मान्य करायची. मासळीचे डबे भरणाऱ्या कारखान्यातल्या गरीब बायका, आणि त्यांचं रक्त पिणारा चेअरमन. त्याचा चेहरा कधीच दाखवायचे नाहीत. पॉलिश केलेले काळे बूट तेवढे यायचे. नायिकेचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून बायकांनी तिची सोनी केली. सोनीचा पगार कापला की इकडं बायकांचे घास अडायचे. चेअरमनला तर अशा शिव्या पडायच्या, की एरवी सुपरवायझरचं नाव घेतानाही आवाज खाली येणाऱ्या ह्याच बायका का, असं वाटावं. मग घंटा व्हायची. पोटातला राग सगळा कोरियात खर्च झालेला असायचा, आणि बायका गुमान मशीनवर जायच्या. सरूला ह्याचाच वैताग यायचा, आणि आपणही त्यातल्याच, म्हणून जास्त यायचा.

२

मशीन चालू असली की हॉलमध्ये कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून इथल्या बायका ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे आणि समोरचीनं ते वाचायचे. सासूच्या चुगल्या, भाजीचे भाव, कुणाच्या पोरीला आलेलं स्थळ, सगळं ह्या मुक्या बोलीत चालतं. ठेकेदाराचा सुपरवायझर भगीरथ मधून फिरत असतो, पण त्याच्या हाती काही लागत नाही.

सरूच्या समोर प्रमिला उभी राहायची. डोळखांबच्या वरच्या पाड्यावरची, मुरबाडात तीन-चार पोरींबरोबर खोली घेऊन राहणारी. प्रमिलाची दाराकडे पाठ, सरूचं दाराकडे तोंड. भगीरथ येताना सरूला दिसायचा, प्रमिलाला नाही. म्हणून दिवसातून कितीदा तरी प्रमिलाचे ओठ हलायचे, “आला का?” सरू ओठांनीच सांगायची, “नाय.” मग प्रमिला हात सैल सोडून मनगटं चोळायची. सरू “आला” म्हणाली की पुन्हा भराभर झाकणं. त्या दोघींची सगळी मैत्री ह्या एवढ्याशा बोलण्यावर उभी होती, आणि घट्ट होती.

दिवाळीनंतर प्रमिलाला ब्रेक मिळाला. संक्रांतीला बोलावतो म्हणाले. संक्रांत गेली, होळी गेली. सरूनं भगीरथला विचारलं, तर तो म्हणाला, गेली असेल वीटभट्टीवर. खोलीतल्या पोरींना वाटत होतं ती गावी गेली. त्यांनी तिचं अंथरूण पोत्यात भरून माळ्यावर टाकलं होतं. शेवटी शहापूरच्या बाजारात प्रमिलाचा भाऊ गणू भेटला, तर त्यानंच सरूला गाठून विचारलं.

“ताई कंपनीतच हाय ना? तिला सांगा, आई वाट बघते.”

ब्रेकनंतर ती आलीच नाही, हे सरूनं त्याला सांगितलं. पोलिसात सांग म्हणाली, तर गणू म्हणाला, काय सांगू, बहीण कामाला गेली म्हणून? त्याचंही खरंच होतं. ज्या लोकांना वर्षातून सहा महिने पोटासाठी गाव सोडायची सवय, त्यांच्यातलं एखादं माणूस नाहीसं झालं तर ते कळायलाच सहा महिने जातात. इकडचे म्हणतात तिकडं, तिकडचे म्हणतात इकडं. प्रमिला कुठं आहे, हे विचारणारी सरू तेवढी राहिली होती.

३

मालिकेतल्या बायकांनी संप केला. बर्फ पडत होता, आणि त्या कारखान्याच्या आत, गेटकडे पाठ करून, रांगांनी जमिनीवर बसल्या होत्या. पुढं सोनी हात वर करून भाषण करत होती. जेवणाची खोली चिडीचूप होती. कमळमावशी, म्हणजे सगळ्यांत जुनी बाई, भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच बसली होती.

सरूला ह्या डबिंगचा सुरुवातीला फार त्रास व्हायचा. ओठ वाचायची सवय. सोनीचे ओठ एक बोलतात, आवाज भलतंच बोलतो, त्यानं डोकं दुखायचं. पुढं तिनं ओठांकडे बघणंच सोडलं. त्या दिवशी सोनी बोलत असताना तिची नजर सहज मागच्या रांगेवर गेली.

मागच्या रांगेत एक बाई बसली होती. डोक्याला रुमाल, तोंड अर्धवट दिसणारं. तिचे ओठ हलत होते. तिच्या वाट्याला काही संवाद नव्हता, कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. पण ते ओठ सरूला लख्ख वाचता आले.

“आला का?”

आणि सवयीनं, घास तोंडात असताना, सरूचे ओठ हलले, “नाय.”

मागच्या रांगेतल्या बाईनं हात सैल सोडले आणि मनगटं चोळली.

कमळमावशीनं कोपरानं ढोसलं, काय पुटपुटतेस म्हणून. सरूनं पुन्हा वर बघितलं तोवर टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती. भात कोरडा होता. तो घशाखाली उतरायला तिला बरंच पाणी प्यावं लागलं.

४

रात्री अंथरुणावर तिनं स्वतःची भरपूर समजूत काढली. जगात एका चेहऱ्याची सात माणसं असतात म्हणतात. हॉलमध्ये उकाडा किती, त्यात सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही, माणसाला काहीही दिसेल. मनी वसे ते स्वप्नी दिसे. पण ओठांचं काय? चेहरा फसवेल, ओठ कसे फसवतील? आणि उत्तर मिळाल्यावर ती मनगटं का चोळेल?

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये तिनं रुचिताला धरलं. रुचिता बारावी झालेली, मालिकांचं वेड असलेली पोर. संपाचा तो भाग फोनवर दाखव म्हणाली. रुचितानं शोधला आणि म्हणाली, सरूताई, संप तर एकाच भागात संपतो. चेअरमन ऐकतो, पगार वाढतात, पुढं सोनीचं लग्नच लागतं. तिनं तो भाग दाखवलाही. बर्फ नव्हता. बायका गेटजवळ बसल्याच नव्हत्या. कचेरीत शिरून त्यांनी टेबलं उलटी केली होती.

“मग आपल्या इथं काय लागतं?” सरूनं विचारलं.

“ते मला पन कळत नाय,” रुचिता म्हणाली. “मोठं असंल. कापलं नसंल.” आणि तिनं गाणी लावली.

टीव्ही भगीरथ लावायचा. सरूनं त्याला विचारलं, हे कुठून आणता. तो म्हणाला, साहेब पाठवतात, मी लावतो. किती दिवस चालणार, तर साहेबांना माहीत. साहेब कुठले, तर वरचे. भगीरथला आणखी काही विचारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याला खरंच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटत नव्हती.

जेवणाच्या खोलीत संप मात्र रोज चालू होता. रोज तोच बर्फ, त्याच रांगा. सोनी हळूहळू दिसेनाशी झाली. तरी एकीनंही म्हटलं नाही की गोष्ट पुढं का सरकत नाही. उलट बायका आता जास्त रडायच्या. सरू रोज मागच्या रांगेत बघायची, आणि रोज ते ओठ विचारायचे. सरू “नाय” म्हणायची. उत्तर द्यायचं टाळायची तिची छाती होत नव्हती. ती गप्प बसली तर समोरची जीव मुठीत धरून बसून राहील, हे तिला माहीत होतं.

५

बायकांच्या मागचं गेट लोखंडी होतं, रुळावरून सरकणारं. सरूच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, पण ते रोज थोडं थोडं उघडत होतं. आधी बोटभर फट. मग हातभर. बाहेर बर्फाचा उजेड असायला हवा होता, पण त्या फटीत अंधार होता. दिवसाढवळ्या. बाकीच्या बायका पुढच्या रांगांकडे बघत होत्या. मागं बघायचं त्यांना काही कारण नव्हतं.

शुक्रवारी फट माणूस जाईल एवढी झाली होती. खाली, अगदी जमिनीलगत, काळे बूट दिसले. पॉलिश चकाकत होतं. बूट शेजारी शेजारी, नीट जुळवून ठेवल्यासारखे, आणि त्यांच्या वर काही नव्हतं, म्हणजे काही दिसत नव्हतं. अंधार थेट बुटांपासूनच सुरू होत होता.

प्रमिलानं विचारलं, “आला का?”

सरूनं तोंड उघडलं, आणि वीज गेली. शुक्रवारची वीज, मुरबाडात तिचं नवल कुणाला! बायकांनी कंपनीला, सरकारला आणि नशिबाला एका दमात शिव्या घातल्या. सरू मात्र काळ्या पडद्याकडे तोंड करून “आला, आला” असे ओठ हलवत राहिली. कमळमावशीनं तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. वीज आली तेव्हा घंटा वाजत होती.

शनिवारी मागच्या रांगेत एक जागा मोकळी होती. शेजारच्या बायका ती भरायला सरकल्या नव्हत्या. बर्फ सगळीकडे पडत होता, त्या जागेवर मात्र नव्हता. नुकतंच कुणी उठून गेलं असावं तसा तेवढा तुकडा कोरडा होता. गेट बंद होतं.

सरूला रडू आलं नाही, संताप आला. स्वतःचा आला, भगीरथचा आला, आणि शेजारी बसून डोळे टिपणाऱ्या, त्या मोकळ्या जागेकडे न बघणाऱ्या साठ बायकांचा तर फारच आला. एका जिवंत पोरीबद्दल ह्यांतल्या एकीनंही विचारलं नव्हतं, आणि चित्रातल्या बायांसाठी पदर ओले करत होत्या.

६

टीव्हीला हात लावायचा नाही, त्यावर बोलायचंही नाही, हे तिनं ठरवलं. बोलली असती तर वेड्यात काढलं असतं. खरं गाऱ्हाणं होतंच की हाताशी. शनिवारी दुपारी मशीन सुरू झाली आणि सरूनं ओठांनी सांगायला सुरुवात केली. सोमवारी घंटा झाली की जेवायचं नाही. गेटवर बसायचं. ब्रेक बंद करा, आणि प्रमिला कुठं हाय ते सांगा.

समोरचीनं ते शेजारणीला दिलं, तिनं पुढच्या मशीनला. भगीरथ मधून दोनदा फिरला, त्याला झाकणं आणि माना दिसल्या. हॉलभर ते बोलणं आवाजावाचून फिरून आलं, आणि येताना बरोबर होकार घेऊन आलं. रुचिताचे तर डोळे चमकले. तिनं लांबून विचारलं, “सोनीवानी बसायचं ना?”

कमळमावशी शेवटपर्यंत गप्प होती. तिच्या घरी कमावणारं दुसरं कोणी नाही. सुटताना ती सरूजवळ आली आणि ह्या वेळी आवाज काढून बोलली.

“एकटीला पाडून आमी मागं नाय राहायचो. पन तू पन डोकं ठिकानावर ठेव गो. हल्ली आपल्याशीच बोलतेस.”

सरूला इतकं बरं वाटलं, की जीपमध्ये ती खिडकीला डोकं टेकून घरापर्यंत झोपली. कमळमावशी येणार म्हणजे सगळ्या येणार. साठ बायका गेटवर बसल्यावर साहेबांना वरून खाली उतरावंच लागेल. नोकरी गेली तर सगळ्यांची जाईल, आणि सगळ्यांची घालवायची कंपनीची छाती नाही. एकटीच बसली तर मात्र संध्याकाळपर्यंत तिचं नाव कापलेलं असेल. पण एकटी कशाला बसेल?

७

कुणीतरी आधी बसलेलं दिसलं की मागून येणारीला धीर येतो. म्हणून सोमवारी पोट दुखतंय सांगून सरू घंटेच्या जरा आधी हॉलमधून निघाली. मांजराच्या गळ्यात घंटा कुणीतरी बांधायचीच होती.

अंगण रिकामं होतं. चैत्राचं ऊन. वॉचमन जेवायला गेलेला, गेटला कुलूप. ते तिनं हातानं हलवून बघितलं. मग गेटपासून थोडं पुढं, कंपनीकडे तोंड करून ती खाली बसली. फरशी इतकी तापली होती की पदर खाली घ्यावा लागला. समोर जेवणाच्या खोलीची खिडकी.

घंटा झाली. खिडकीत बायका दिसायला लागल्या. रुचिता दिसली, कमळमावशी दिसली. कमळमावशीनं सरूला बघितलं आणि हात वर केला, आलोच असा. सरूनंही हात केला. तिला हसू येत होतं.

मग बायकांच्या माना जराशा वर झाल्या. सगळ्यांच्या. तोंडांवर निळसर उजेड पडला.

सरूनं पुन्हा हात हलवला. त्या बघत होत्या, पण तिच्याकडे की खिडकीवरच्या टीव्हीकडे, हे एवढ्या लांबून कळेना. कमळमावशीचा वर गेलेला हात हळूच खाली आला. एक बसली, मग दुसरी. डबे उघडले गेले. सरू ओरडली, प्रत्येकीचं नाव घेऊन ओरडली. काच बंद होती. तिच्या मनात आलं, बघू देत दोन मिनिटं, येतील. शब्द दिलाय. कमळमावशी कधी शब्द मोडायची नाही.

फरशी गार लागली. पदर काढून तिनं हात लावला, तर हात झटकावा लागला इतकी गार. उपाशी पोटी असं होतं, तिनं स्वतःला सांगितलं, उन्हात बसल्यावर थंडी वाजते. तिनं श्वास सोडला. तोंडातून वाफ निघाली. उजव्या खांद्याला कुणाचा तरी खांदा लागला, आणि डाव्यालाही. बायका शेजारी चिकटून बसल्या की लागतो तसा. तिनं मान वळवली नाही. समोरून आलेली एकही नव्हती, मग ह्या कोण, हे तिला बघायचं नव्हतं.

तेवढ्यात मागं गेट रुळावर सरकायला लागलं. सावकाश, दमादमानं.

खिडकीतल्या बायकांनी एकदम तोंडावर हात नेले. रुचितानं डोळे मिटले. म्हणजे त्यांना दिसत होतं. सरूच्या पाठीमागं जे होतं, ते त्यांना समोर दिसत होतं. ओरडून ऐकू जाणार नव्हतं. तिनं कमळमावशीवर डोळे लावले आणि ओठ हलवले. इतकी वर्षं एका हॉलमध्ये काढली होती, मावशी वाचेल, तिला वाचता येतं. एवढंच सांग, मावशी. आला का?

कमळमावशी टक लावून बघत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मग ती रुचिताकडे वळली, आणि तिचे ओठ सरूला स्पष्ट वाचता आले.

“ही बाय नवी दिसते. पन काय रडवते गो.”

घंटा झाली. कमळमावशीनं पदरानं डोळे पुसले, डब्याचं झाकण लावलं, आणि ती बाकीच्या बायकांबरोबर मशीनवर गेली.